खाली दोर धरायला कोण?

वरची वस्ती,
१२ मार्च

चि. धाकट्यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की,

फाटकावरच्या पहारेकऱ्याने दगडाखाली ठेवलेलं तुझं पत्र मिळालं. वर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. लागला असता तर तू ‘बरं आहे, ठेवतो’ म्हणून मोकळा झाला असतास.

फाटक बंद होऊन वर्ष झालं. आजार वर चढू नये म्हणून वाट बंद करायला आपणच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची? तू आणि तुझ्या दवाखान्याने धान्य, साबण, औषधं फाटकापर्यंत पोचवली, तिथून पुढे तुझ्या दाजींनी पाठीवर वाहिली. वस्तीत आजवर कुणी दगावलं नाही. पलीकडच्या वस्तीतली दोन म्हातारी माणसं मात्र गेली. त्यांना ठाऊक असलेले मधाच्या पोळ्यांचे कडे आणि तिकडच्या वाटा त्यांच्याबरोबरच गेल्या. कागदोपत्री आपल्याला आदिवासी म्हणतात, रानाचे मूळचे मालक म्हणतात. पण रान ठाऊक असलेलं माणूसच गेलं तर ती मालकी काय चाटायची?

आता मुद्द्याचं. लस घेऊन तुमची गाडी महिनाअखेर वर येणार असं पहारेकरी सांगत होता. वस्तीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी टोचून घेतलं की त्या वस्तीसाठी फाटक उघडायचं, असं ठरलं आहे म्हणे. कडे सगळे फाटकापलीकडे. गेल्या वर्षीचा मध तिथेच राहिला आणि अस्वलांची चंगळ झाली. मे महिन्यात पोळी पुन्हा भरतील. यंदाही आपण इकडेच अडकलो तर कडा चढणारा आणि दोर धरणारा यांच्या जोड्या फुटतील. तरणी माणसं शहरात विटा उचलायला जातील आणि दोरावरचा हात एकदा सुटला की सुटला. मी चढायचं आणि दाजींनी खाली दोर धरायचा, यात आमचं आयुष्य गेलं. घरातही तसंच चालतं असं लोक म्हणतात, म्हणू देत.

तेव्हा गाडी नक्की पाठव. आई बरी आहे. तू वाळला असशील असं ती रोज एकदा म्हणते. तू वाळण्यातला नाहीस हे मी तिला रोज एकदा सांगते.

माझ्या भावजयीला आणि मुलांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
अक्का


दवाखाना,
३ एप्रिल

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

हसावं की रडावं ते कळत नाही म्हणून पत्र लिहायला बसलो.

तुझ्या वस्तीसाठी लशीच्या पेट्या मी माझ्या हातांनी भरल्या, बर्फ लावला, झाकणं दोनदा तपासली. शीतपेटीचं खातं माझ्याकडे आल्यापासून इतक्या लाडाने मी एकही पेटी भरली नव्हती. आणि संध्याकाळी त्या पेट्या परत आल्या, तर निम्म्या भरलेल्याच. नर्सबाई म्हणाल्या, प्रत्येक घरातून एकेक माणूस गुमान येऊन टोचून गेलं आणि दुसरं ओढ्यापलीकडे झाडीत पळालं. पळून गेलेले तिथूनच एकटक बघत उभे होते. हाक मारली तर नुसता हात वर करायचे. आमचा ड्रायव्हर इतका हबकला की त्याने दिवसभर गाडीची किल्ली हातातून सोडली नाही.

मी इथे छाती पुढे काढून सांगत होतो की माझ्या वस्तीत कुणी मागे हटणार नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो आणि सगळ्यांदेखत उघडा पडलो. शेजारच्या दोन्ही वस्त्यांतूनही अगदी हाच निरोप आला, अर्धी माणसं टोचून घेतात आणि अर्धी झाडीत. मोठ्या साहेबांनी उरलेली लस दुसऱ्या दिवशी शहरात वापरायला दिली. अर्धा डोंगर तयार नाही तर ओढून नेण्यात अर्थ नाही, तयार होतील तेव्हा बघू, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक म्हणवत नाही, कारण इथे दाराबाहेर रांग लागलेली असते.

अक्का, भीती कसली वाटली तुम्हाला? मी दवाखान्यातला म्हणून मला जानेवारीतच टोचलं. दंड ठणकला, थोडी कसकस आली आणि सगळं निवळलं. हे मी तेव्हाच कळवलं होतं. आईने घेतलं का, तेवढं सांग. बाकी सगळं सहन होईल.

दाजींना नमस्कार. उत्तराला उशीर आणि लोभात खंड, दोन्ही नसावं.

तुझा,
धाकटा


वरची वस्ती,
९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज जरा घट्ट आवळलेले आहेत.

‘पळाले’ हा शब्द पुन्हा लिहिलास तर पत्र फाटकाखाली तसंच सडू देईन. शिकायला म्हणून लहानपणी खाली गेलास, दोर तुझ्या हाती आलाच नाही, हे मान्य. पण डोळे तर होते ना?

कड्यावर दोघं एकदम चढतात का कधी? एक चढतो आणि दुसरा खाली दोर धरतो. धरणारा चढणाऱ्याला दिसेल असा उभा राहतो. त्या दिवशी तो स्वतः कसलाही धोका अंगावर घेत नाही. चढणारा खाली आला, जेवला, झोपला आणि सकाळी धड उठला की मगच धरणारा सुटतो. टोचून घेणं म्हणजे कडा चढणं नव्हे, एवढं आम्हालाही कळतं. पण ताप येईल, अंग मोडून येईल, एखाद्याला चक्कर येईल, असं तुमच्या नर्सबाईंनीच आदल्या फेरीत सांगितलं. मग घरातली दोघं एकदम आडवी पडली तर पाणी कोण देणार? वस्तीच्या बैठकीत ठरलं की आधी चढणाऱ्यांनी घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी धरणाऱ्यांनी. मी पहिल्या दिवशी घेतलं. गाडीपाशी गर्दी नको म्हणून तुझे दाजी ओढ्यापलीकडे झाडीपुढे रणरणत्या उन्हात माझ्यावर नजर ठेवून उभे होते. हात वर करणं म्हणजे ‘मी आहे’. त्यात हबकण्यासारखं काय आहे ते तुमच्या ड्रायव्हरला विचार.

दुसऱ्या दिवशी सगळे धरणारे आंघोळी करून शाळेपुढे येऊन बसले, बाह्या गुंडाळून. गाडी आली नाही. ऊन डोक्यावर आलं तरी आली नाही. दाजी तर दिवे लागेपर्यंत बाही गुंडाळूनच होते, मीच ती खाली केली. गाडी एकच दिवस येणार हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हातात घेतलेलं काम आपल्याकडे कुणी निम्म्यावर टाकून जात नाही, त्यामुळे विचारायचं सुचलंच नाही. शेजारच्या वस्त्यांतही हेच झालं. चूक झाली ती एवढीच, आणि ती दोन्हीकडून झाली.

आता आईचं. तिने घेतलं नाही. बाबा गेल्यापासून तिच्या दोराला जोडीदार नाही. मी म्हटलं, मी धरते. तर म्हणाली की तुझा दोर तुझ्या नवऱ्याशी बांधलेला आहे, आणि एका माणसाने दोन दोर धरले की दोन्ही माणसं जातात. ती खोटं बोलत नाही, हीच पंचाईत. उभ्या डोंगरात तिच्यासारखा दोर कुणी धरला नाही, तिला मी काय शिकवू? पण एक माणूस राहिलं तरी फाटक उघडणार नाही आणि मे तोंडावर आला आहे. रागापेक्षा मला काळजी जास्त आहे, धाकट्या. तिला काही झालं तर मध घेऊन मी काय करू?

राग ओसरला की पुढच्या पत्रात जास्त लिहीन. तोवर आहे तेवढ्या लोभावर भागवावं.

तुझी,
अक्का


दवाखाना,
१५ एप्रिल

ती. अक्कास,
कान धरून शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आमच्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. ‘आशीर्वाद घट्ट आवळलेले’ हे गाळावं असं वाटलं होतं, पण त्या खांद्यावरून वाचत होत्या. आधी खूप हसल्या आणि मग स्वतःच्या घरचं सांगायला लागल्या. त्यांच्या घरी आईवडिलांनी एकाच दिवशी टोचून घेतलं, दोघंही तापाने पडले आणि बाई दवाखान्यात अडकल्या होत्या. शेजाऱ्यांनी खिडकीतून पेज दिली, तेव्हा निभावलं. तुमच्या वस्तीला सुचलं ते आम्हाला का सुचलं नाही, असं त्या म्हणाल्या आणि पत्र घेऊन तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या.

पण तिथे माशी शिंकली. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण गाडी एक आणि गावं ढीगभर. पावसाळा सरेपर्यंत गाडी पुन्हा डोंगरावर देता येणार नाही, असं ते म्हणाले. बाई हटेनात तेव्हा म्हणाले, त्यांना एवढी हौस आहे तर खाली येऊ देत, मी लस बाजूला काढून ठेवतो. बोलताना त्यांचा हात पुढच्या कामाकडे गेला होता. इतक्या उतारावरून एवढी माणसं कुठली येतात, असा हिशेब असणार. मधाचं बोट लावून वाटेला लावणं म्हणतात ते हेच. तरी त्यांचे शब्द जसेच्या तसे कळवतो आहे, कारण शब्द त्यांनी दिला आहे आणि बाई साक्षीला आहेत. दवाखान्यासाठी फाटकावर अडवत नाहीत, हेही विचारून ठेवलं.

आईला सांग, धाकटा हात जोडतो आहे. तिने मनाचा हिय्या करावा. तिच्यापुढे आपलं कुणाचं चालत नाही हे माहीत असूनही लिहितो.

उत्तराची वाट बघतो. ओरडलीस तरी चालेल, पण लोभ असू दे.

तुझा,
धाकटा


वरची वस्ती,
१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज घाईत आहे.

साहेब ‘या’ म्हणाले ना? मग आम्ही येतो. येत्या बुधवारी सकाळी. तिन्ही वस्त्यांना निरोप गेले आहेत. धरणारे टोचून घेतील आणि चढणारे त्यांच्यासाठी उभे राहतील, म्हणजे सगळीच मोठी माणसं येणार. आई आणि तिच्यासोबतीला शेजारची पोर तेवढी मागे. तोंडं बांधून येऊ, शिदोरी आमची आम्ही आणू, रात्री तुमच्या अंगणात पडू. तुम्ही फक्त पेट्या भरून ठेवा, आणि अर्धी माणसं भिंतीकडेला उभी राहून टक लावून बघायला लागली की घाबरू नका, असं ड्रायव्हरला आधीच सांगून ठेव.

लोभ भेटीतच मोजून घेईन.

तुझी,
अक्का


दवाखाना,
२७ एप्रिल

ती. आईच्या चरणी,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

अक्का तुला हे वाचून दाखवेलच. तिने स्वतःचं कौतुक आलं की आवाज चढवू नये आणि माझं आलं की गाळू नये.

आई, बुधवारी सकाळी दारावरचा रखवालदार धापा टाकत आत आला. म्हणाला, सगळा डोंगर खाली उतरतो आहे. आम्ही बाहेर धावलो. वळणावरून माणसं येतच होती, येतच होती, जोडीजोडीने. सगळ्यांत पुढे आपली अक्का आणि तिच्या मागे दाजी. बाही त्यांनी घरूनच गुंडाळून आणली होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. मी रडलो, एवढं लिहितो.

टोचून घेणारे अंगणातल्या बाकांवर ओळीने बसले आणि त्यांचे जोडीदार भिंतीलगत उभे राहिले. साहेब पायरीवर आले. ते मनातून पुरते चपापले होते, पण शब्दाला जागले. पेट्या आणायला सांगितल्या आणि अक्काला विचारलं की यातले टोचून घेणारे कोण आणि नाही म्हणणारे कोण. अक्का म्हणाली की बसलेले लशीसाठी आले आहेत आणि उभे असलेले बसलेल्यांसाठी. साहेबांनी विचारलं, किती वेळ उभे राहणार? अक्काने सांगितलं की सकाळपर्यंत.

दुपारी पलीकडच्या वस्तीतला एक धरणारा पांढराफटक पडला. आमच्या नर्सबाई दुसऱ्या टोकाला होत्या. त्या वळायच्या आत भिंतीकडून त्याची बायको पोचली होती, त्याला आडवं केलं होतं आणि पाय मांडीवर घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं, थोड्या वेळात तो उठून शिदोरी मागायला लागला. साहेबांनी हे पायरीवरून बघितलं. ते आत गेले आणि आम्हाला वाटलं आता ओरडा बसतो. पण खोल्याखोल्यांतून खुर्च्या बाहेर यायला लागल्या, उभ्या असलेल्यांसाठी. शेवटची त्यांची स्वतःची होती. कुणी बसलं नाही ती गोष्ट वेगळी.

सकाळी सगळे धड उठले. मग भिंतीकडच्यांनी एकदम जी आरोळी ठोकली ती पलीकडच्या बाजारात ऐकू गेली. आमचा ड्रायव्हरही त्यांच्यात ओरडत होता. साहेबांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की यापुढे डोंगरावरच्या प्रत्येक वस्तीत गाडी लागोपाठ दोन दिवस राहील, आणि शहरातही घरातल्या सगळ्यांना एकदम बोलवायचं नाही, आधी निम्मे आणि मग निम्मे. बाई आता रांगेत विचारतात, तुमचा दोर कोण धरणार? लोक आधी बावचळतात, मग शेजाऱ्याचं नाव सांगतात. एकट्या राहणाऱ्यांजवळ आमच्यापैकी कुणीतरी थांबतं. आई, आपली रीत इथे चालू झाली.

राहिलीस ती तू एकटी. फाटकाची किल्ली आता तुझ्या दंडात आहे. डॉक्टरीणबाई स्वतः वर यायला तयार आहेत. तुझा दोर मी इथून धरला आहे असं समज आणि घे. एवढं माझं ऐक.

पायांवर डोकं ठेवून,
तुझा धाकटा


वरची वस्ती,
२ मे

चि. धाकट्यास,
आईचा आशीर्वाद. बोलते आहे मी, लिहिते आहे अक्का. मध्ये तिने स्वतःचं काही घुसडलं तर तिचं ती जाणे.

तुझं पत्र ऐकलं. दोनदा ऐकलं. खुर्च्यांचं तीनदा ऐकलं. साहेबाला माझा आशीर्वाद सांग.

आता माझं ऐक. जानेवारीत तू टोचून घेतलंस, तेव्हा सोमवारी घेणार म्हणून आधी कळवलं होतंस. खाली कुणी नव्हतं असं तुला वाटत असेल. मी होते. सोमवारी सकाळपासून मी उंबऱ्यात बसले ते तुझं खुशालीचं पत्र येईपर्यंत. रानात गेले नाही, विळा हातात घेतला नाही. म्हातारी आता सुस्तावली, असं अक्का दाजींना सांगत होती. मला ऐकू येतं. मी उत्तर दिलं नाही, कारण दोर धरलेल्याने गप्पा मारायच्या नसतात.

म्हणजे जोडी आपली झाली. तू चढलास आणि उतरलास. आता माझी पाळी आणि धरणारा तू. पण तिथून धरतो म्हणतोस ते मला चालायचं नाही. मी लांबून धरला तो नाइलाजाने, फाटक बंद होतं आणि गाडी नव्हती. आता गाडी आहे आणि बाई येणार आहेत, तर तुला काय धाड भरली आहे? धरणारा डोळ्यांना दिसावा लागतो. तुझ्या वडिलांचा दोर धरला तेव्हा मी कधी झाडाआडही गेले नाही. ये, समोर उभा राहा, मी लगेच दंड पुढे करते. मला लशीची भीती कधीच नव्हती, बाळा. खाली कुणी नसण्याची होती.

बायकोला एक रात्र मुक्काम पडेल असं सांगून ये. नाहीतर ती बिचारी वाट बघत बसेल.

तुझी,
आई


वरची वस्ती,
२० मे

चि. सौ. भावजयीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद आणि थोडी माफी.

एका रात्रीसाठी म्हणून नेलेला तुझा नवरा अजून परत का आला नाही, याचा खुलासा तुला मिळायला हवा. तो स्वतः लिहिणार नाही, कारण त्याचे हात सध्या सोललेले आहेत.

डॉक्टरीणबाईंनी आईला अंगणात टोचलं. धाकटा समोर उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, बस जरा, तर आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो आणखी ताठ झाला. आईला काही म्हणजे काही झालं नाही. जेवली, झोपली, सकाळी उठून बाहेर आली, आणि त्याला दारात बघून त्याचा हात हातात घेतला. तो आधीच भरून आलेला, मग आम्हीही सगळे रडलो. बाईंनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातला नाही.

दोन दिवसांनी फाटक उघडलं. पहारेकऱ्याने कुलूप काढलं आणि ते ओढ्यात भिरकावलं. सरकारी होतं, आता त्याला जाब द्यावा लागेल, पण त्याच्या तोंडावर काडीइतकाही पश्चात्ताप नव्हता. एकही जोडी फुटलेली नाही. पोळी अशी लगडली आहेत की कडे काळे दिसतात. मी पहिल्याच चढाईला दोन डबे भरून उतरले आणि तुझे दाजी खाली उभ्या उभ्या गात होते. गाणं वाईट होतं, पण दोर पक्का होता.

तिसऱ्या दिवशी आई तिचा जुना दोर घेऊन निघाली. म्हणाली, जोडी आहे तर काम करायला हवं. धाकटा हसला. ती हसली नाही. मग तोही उठला. सगळ्यांत ठेंगणा कडा निवडला. दोराला झाडाचे दोन वेढे दिले, दाजी आईच्या नकळत मागे उभे राहिले आणि ‘मला कळतंय’ म्हणून आईने त्यांना हाकलून दिलं. तुझा नवरा देवाचं आणि तुझं नाव आलटून पालटून घेत चढला. धुराने खोकला, माश्यांनी कान सुजवला, पण पोळं कापून घेऊन उतरला. वस्तीने त्याला खांद्यावर घ्यायचा बेत केला आणि मग सोडून दिला.

मी आईकडे बघत होते. बाबा गेल्यापासून तिच्या हातांवर कुणाचं ओझं आलं नव्हतं. तो जमिनीला लागला तरी तिने दोर लगेच सोडला नाही. तळवे लाल झाले होते, ते सगळ्यांना दाखवत ती घरी आली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, ‘बापापेक्षा जड आहे माझा लेक.’

तेव्हा उद्या तो मधाचा डबा घेऊन निघेल. डबा ठेवून घे, नवराही ठेवून घे, पण पुढच्या मे महिन्यात पोरांना घेऊन दोघंही या. आणि त्याचं जेवण काही कमी करू नकोस, असा आईचा निरोप आहे.

तुझीच,
अक्का